आईचं छत

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी फिजिओथेरपिस्टने पिशवीतून टेप काढला, बाबांच्या खुर्चीच्या बैठकीला लावला, आकडा वाचला आणि विश्वास बसला नाही म्हणून परत लावला. मग पलंगाला लावला. मग कमरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "इथे आधी बालवाडी होती का?"

बुटकीने सवयीने सांगितलं, की नाही, हे आईमुळे. आईला छत अंगावर आल्यासारखं वाटायचं, म्हणून बाबांनी सगळ्या घराचे पाय कापले. बुटकी हे नाव बाबांनी ठेवलेलं; पन्नाशी उलटली, आईपेक्षा वीतभर उंच झाली, तरी ते सुटलं नव्हतं. आणि आईच्या भीतीची ही गोष्ट तिने इतक्या वेळा सांगितली होती, की सांगताना आता शब्द आपापले येऊन उभे राहत. फिजिओथेरपिस्टने वर पाहिलं आणि नकळत मान आत घेतली. नवीन आलेला प्रत्येक जण या खोलीत हेच करी. तिने मग बसायचं नाकारलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं. खुब्याचा सांधा बदललाय. बसताना गुडघा कमरेच्या वर जाता कामा नये, म्हणजे खुर्ची आणि पलंग आहेत त्यापेक्षा चांगले वीतभर उंच हवेत. सहा आठवडे पाठीवर झोपायचं, दोन पायांच्या मध्ये उशी, कूस बदलायची नाही. परवा सकाळी दवाखान्यातून सोडतील. तोवर हे जमणार असेल तर इथे आणा, नाहीतर आणू नका.

आणू नका म्हणजे काय, ते बुटकीला ठाऊक होतं. दादाने शहराबाहेरच्या एका शुश्रूषा केंद्रात खाट धरून ठेवली होती आणि परवा संध्याकाळी सहापर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. केंद्र चांगलं होतं. पण सहा आठवड्यांसाठी म्हणून तिथे गेलेली माणसं परत आपल्या घरी गेल्याचं तिच्या ऐकण्यात नव्हतं. दूध आणायला निघालेले बाबा फुटपाथच्या कडेवरून घसरून पडले, तेव्हापासून ते एकच वाक्य बोलत होते: मला माझ्या खोलीत ने.

फिजिओथेरपिस्ट गेल्यावर ती खुर्चीत बसली. बसताना नेहमीसारखं, जमीन येईल येईल म्हणेपर्यंत खाली जात राहिल्यासारखं वाटलं आणि मग बैठक लागली. इथून खोली उंच दिसे, हे खरं होतं. खोली मुळात खोली म्हणून बांधलेलीच नव्हती. छापखान्याच्या मालकाने खाली कागदाचं गोदाम काढलं, रिळं एकावर एक चढवायची म्हणून त्याला भरपूर उंची दिली, आणि वर जी काही उरली तिच्यात कामगारासाठी ही खोली बेतली. मोठ्या कपड्यातून उरलेल्या तुकड्यात झबलं बेततात तशी. बाबा छापखान्यात खिळे जुळवून पानं लावायचे. उंच माणूस. हात वर केला की टाचा न उचलता तळवा छताला पुरता टेकायचा. बाबांच्या खांद्यावर बसायचं सुख दादाला आणि तिला घरात कधी मिळालं नाही. त्यासाठी रस्त्यावर जावं लागे. रस्त्यावर मात्र बाबा दोघांना आळीपाळीने खांद्यावर घेऊन इतके हळू चालत, की आई कंटाळून पुढे निघून जाई.

पाय कापले तो रविवार तिला नीट आठवत होता, किंवा इतक्यांदा सांगून सांगून आठवल्यासारखा झाला होता. बाबांनी शेजारून करवत मागून आणली आणि ही खुर्ची उलटी करून तिचे पाय दोन दोन बोटं कापले. सुलटी केली तर डुगडुगायला लागली. मग जो पाय लांब वाटला तो थोडा कापला. मग दुसरीकडे डुगडुगली. अक्षरं बोटाच्या पेराएवढ्या जागेत बिनचूक बसवणारा माणूस, पण करवतीपुढे त्याचं काही चालेना. आई भुशाच्या ढिगाशी केरसुणी घेऊन उभी होती. शेवटी खुर्ची स्थिर झाली तेव्हा ती इतकी बुटकी झाली होती, की टेबलापाशी बसल्यावर बाबांची हनुवटी टेबलाला लागे. म्हणून टेबल कापलं. टेबलापुढे पलंग डोंगरासारखा दिसायला लागला, म्हणून पुढच्या रविवारी पलंग कापला. एका फसलेल्या खुर्चीच्या मापाने सगळं घर खाली आलं. कापलेले ठोकळे तिला आणि दादाला खेळायला मिळाले. त्यांचे ते मनोरे रचत. छताला टेकेपर्यंत रचायचे, असा पण होता, पण एवढ्या कमी उंचीच्या खोलीतही मनोरा छतापर्यंत कधी पोचला नाही, आधीच कोसळे.

मग मावशी आली. खुर्चीत बसायला गेली ती खाली जातच राहिली, हातातला कप कपड्यांवर सांडला, आणि हे काय करून ठेवलंय म्हणून तिने बाबांकडे पाहिलं. बाबांनी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "माझ्यामुळे. मला छत अंगावर येतं." त्या दिवसापासून ते आईचं छत झालं. मावशी निघताना दारातून म्हणे, येते गं, तुझ्या छताला सांभाळ. बाबांचे छापखान्यातले मित्र विचारत, वहिनी, आज किती खाली आलंय? आई सगळ्यांबरोबर हसे. हसताना ती वर बघत नसे, बाबांकडे बघे. हे बुटकीला त्या वेळी दिसलं होतं, पण दिसलेलं सगळंच काही कळत नाही.

पाय कापल्यावर बाबा थांबले नाहीत. भिंतीवरचं कॅलेंडर, घड्याळ, आरसा सगळं खांद्याच्या खाली आणलं. वर काही ठेवायचं नाही. पानाच्या डोक्यावर पांढरं सोडलं की पान मोकळं होतं, असं ते म्हणत. उभ्या पट्ट्यांच्या चादरी जोडून त्यांचा पडदा केला आणि तो खिडकीच्या चौकटीपासून न सोडता थेट छतापासून जमिनीपर्यंत सोडला. खिडकी एवढीशी आणि पडदा नाटकाचा. रंग द्यायची वेळ आली तेव्हा भिंतीचाच रंग कोपऱ्यावरून तसाच छतावर नेला, म्हणजे भिंत कुठे संपली ते डोळ्याला कळू नये. कपाटाच्या माथ्यावर दिवा ठेवून उजेड वर फेकला. बुटकी पुढे जे शिकली आणि ज्यावर तिचं पोट चाललं, ते सगळं एवढंच होतं. खोल्या उंच करणाऱ्या बाई म्हणून तिला लोक ओळखत. एकाने तर मुलाची उंची वाढत नाही म्हणून फोन केला होता. गिऱ्हाईक विचारी, तुम्हाला हे सुचतं कसं? मग ती आईच्या छताची गोष्ट सांगे, आणि गोष्ट ऐकून गिऱ्हाईक हळवं होई, आणि काम मिळे.

दुपारी ती दवाखान्यात गेली. बाबांना म्हणाली, सगळं उंच करावं लागणार आहे. किती, ते त्यांनी विचारलं. तिने तळहात गादीच्या वर धरून दाखवला. बाबांनी त्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, कुशीवर झोपायचं नाही ते नक्की का. नक्की, ती म्हणाली, सहा आठवडे पाठीवर.

"मग राहू दे," बाबा म्हणाले. "तुझा दादा म्हणतो तिथे जातो."

ती चमकली. आठवडाभर एकच हट्ट धरलेला माणूस असा एका वाक्यात सोडून देतो हे तिला झेपेना. तिने समजावून सांगितलं. लाकडाचं काम एका दिवसाचं आहे, मिस्त्री ओळखीचा आहे. उंच पलंगामुळे खोली ठेंगणी वाटेल खरी, पण ज्याला त्याचा त्रास होता ते माणूस आता नाही. आईला जाऊन आठ वर्षं झाली. आता छताला कोण भितंय?

बाबा खिडकीकडे बघत होते. "तिला कुठे होती भीती," ते म्हणाले. "ती तर त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही."

नर्स येऊन पाण्याचा तांब्या बदलून गेली. मग बाबांनी थोडं थोडं करून सांगितलं, कुणा दुसऱ्याबद्दल सांगावं तसं. नोकरी नवीन होती, खोली फुकट होती, लग्न झालेलं होतं. पहिल्याच आठवड्यात पाठीवर पडले असताना छत हललं. हललं नाही हे कळत होतं, पण छातीला कळत नव्हतं. आईला सांगितलं. ती म्हणाली, मग आपण खाली बसू. करवतीची कल्पना तिची. मावशीसमोर जे बोलली तेही तिचं तिनेच ठरवलेलं. त्यांना आधी विचारलंसुद्धा नाही. सहा फुटाचा बाप्या छताला घाबरतो हे छापखान्यात कळलं असतं, तर मरेपर्यंत कुणी नावाने हाक मारली नसती.

"दादाला सांगू नकोस," ते शेवटी म्हणाले. "तू पण विसर, बुटके."

ती चालतच घरी निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी इमारती, त्यांच्यातल्या कितीतरी खोल्या तिने उंच करून दिलेल्या, आणि त्या प्रत्येक खोलीत तिने आईला भित्री म्हणून सोडून दिलेलं. आता तिला आई जशी होती तशी दिसायला लागली. स्टुलावर चढून ओल्या फडक्याने छत पुसणारी, पुसताना छताला बोटाने टिचक्या मारून कुठे पोपडा सुटलाय ते बघणारी. गादीला पाठ टेकली की घोरणारी. आणि बाबा, कायम कुशीवर, तोंड खिडकीकडे. रविवारी जेवणं झाली की घर आडवं होई, आणि बाबा थोड्या वेळाने उठत, चपला घालत आणि म्हणत, खाली कागद ओला झालाय का ते बघून येतो. ओल नसलेल्या दिवसांतही. किती काळजी कामाची, असं शेजारी म्हणत. आई डोळे न उघडता म्हणे, हो, या बघून. एकदा ती त्यांच्या मागे जिन्याने खाली गेली होती. गोदामात रिळांच्या मधल्या वाटेत बाबा उभे होते. कागदाला हात लावत नव्हते. दोन्ही हात सोडून, मान मागे टाकून वरच्या त्या भल्यामोठ्या रिकाम्या उंचीकडे बघत होते, पोहून काठाला आलेला माणूस बघतो तसे. ती आवाज न करता परत आली आणि आईच्या कुशीत शिरली. आईने विचारलं, काय करतायत? ती म्हणाली, कागद बघतायत. आई म्हणाली, शहाणी माझी. हे शहाणपण कसलं ते आज कळत होतं.

दादाचा फोन आला तेव्हा ती फर्निचर खोलीच्या मधोमध ओढून बसली होती. दादा दुसऱ्या गावी असे, आणि लांब असलेल्या माणसाप्रमाणे सगळी माहिती त्याच्याकडे होती. केंद्राची चौकशी त्याने स्वतः जाऊन केली होती. मोकळी हवा आहे, तो म्हणाला, जुनी इमारत, छत बारा फूट, मुद्दाम विचारून आलो. आपण दोघं वाढलो त्या खुराड्यात त्यांना आता परत कशाला कोंबायचं? बुटकीने फोन दुसऱ्या कानाला धरला. बारा फूट. ज्याला कारण माहीत नव्हतं त्याने नेमकी बाबांना हवी ती खोली शोधली होती, आणि ज्या एका माणसाला कारण माहीत होतं तिला ते बोलायची परवानगी नव्हती. ती म्हणाली, मला खोली करून बघू दे, परवा सहाच्या आत सांगते. दादा म्हणाला, "तू तुझ्या गिऱ्हाइकांना फसवतेस ते ठीक आहे. बाबांना कशाला?"

तो रागावून बोलला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आला. त्याने खुर्ची उलटी केली, पायांची कापलेली तोंडं न्याहाळली आणि विचारलं, हे आपल्या माणसाने कापलंय का वैऱ्याने. माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात जुने ठोकळे होते. आईने कधीच टाकले नव्हते. तेलखडूच्या रंगांनी रंगवलेले, कडा चावलेले, एकावर दादाने खिडक्या काढलेल्या. बुटकीला वाटलं, तेच परत जोडावेत. मिस्त्रीने दोन-तीन लावून पाहिले आणि मान हलवली. माणूस एका फटक्यात कापतो तेव्हा तुकडा परत बसतो, इथे चार चार वेळा कापलंय, मधला भुसा कुठून आणू? त्याने नवीन पाय केले, सरळ, जाड, न डुगडुगणारे. संध्याकाळपर्यंत घर आपल्या जुन्या उंचीला परत आलं. ती उंची तिने पाहिली होती, पण तेव्हा ती इतकी लहान होती, की तिला ते टेबल नव्यानेच भेटत होतं.

मिस्त्री गेल्यावर ती पलंगावर उताणी पडली. पाय जुळवले, मध्ये उशी घेतली, हात बाजूला ठेवले. आणि तिच्या लक्षात आलं, की आपल्याला काहीच येत नाही. आयुष्यभर जे केलं ते सगळं उभ्या माणसासाठी आणि बसलेल्या माणसासाठी. पडदा वरून सोडा, आरसा उभा लावा, चित्र खाली आणा. डोळा भिंतीवरून वर चढतो आणि चढता चढता फसतो. उताण्या माणसाचा डोळा चढत नाही. तो आधीच वर पोचलेला असतो. डोळ्यांसमोर नुसतं छत, त्याला एक केसाएवढी चीर, आणि मधोमध पंख्याचा दांडा. ती श्वास धरून पडून राहिली. बराच वेळ काही झालं नाही. मग चीर किंचित जवळ आली. छत हललं नव्हतं हे तिला कळत होतं. ती उठून बसली, आणि पहिल्यांदा तिला बाबांचा राग आला, की एवढी वर्षं कुशीवर पडून राहिलात, आणि मला एकदाही खाली गोदामात बोलावलं नाहीत.

त्यानंतर तिने जे केलं ते कुठल्याही गिऱ्हाइकासाठी केलं नव्हतं. फिजिओथेरपिस्टला फोन करून विचारलं, पाठीकडून उतार दिला तर चालेल का. ती म्हणाली, थोडा चालेल, बसवू नका नुसतं. मग तिने पलंग फिरवून पायथा खिडकीकडे केला, डोक्याकडून गादीखाली उताराची फळी घातली आणि ठरवलं, की नजर छतावर पडायच्या ऐवजी समोरच्या भिंतीच्या वरच्या भागात पडली पाहिजे, जिथे भिंत आणि छत भेटतात. तिथली रेघ घालवायची. तिने ती चीर बुजवली, पंखा उतरवून दुसरीकडे उभा पंखा ठेवला, आणि रंगाऱ्याला रात्रीच बोलावून तो कोपरा घासून गोल करायला लावला. मग भिंत आणि छत एकाच बिनचकाकीच्या पांढऱ्या रंगात. रंगारी म्हणाला, बाई, हे दिसणारसुद्धा नाही. ती म्हणाली, तेच हवंय. खिडकीला उभ्या पट्ट्यांचा नवा पडदा, छतापासून जमिनीपर्यंत. दिवा जमिनीवर, कपाटाच्या आड, तोंड वर. शेवटी ती पुन्हा पडून पाहायला गेली आणि थांबली. आपल्या डोळ्यांचा आता उपयोग नव्हता. आपल्याला कुठे कुठे फसायचं ते माहीत होतं.

सोडायच्या दिवशी अकराच्या सुमारास दोघा मदतनिसांनी बाबांना खुर्चीवर बसवून जिन्याने वर आणलं. खाली गोदामाच्या जागी आता गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. कागद जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि तिथेही मधे एक मजला घालून टाकलाय. दारातून आत येताना बाबांनी मान खाली घातली. ते खुर्चीत होते, चौकट हातभर वर होती, तरी घातली. मागून येणाऱ्या बुटकीनेही घातली, आणि एक मदतनीस उगाचच हसला. आत आल्यावर बाबांनी पलंगाकडे पाहिलं, पायांकडे पाहिलं, नवीन लाकडाला हात लावून पाहिला. खुर्ची हलवून पाहिली. "डुगडुगत नाही," ते म्हणाले. यात कौतुक होतं की तक्रार, ते कळलं नाही. वर त्यांनी पाहिलं नाही.

जेवण झालं. औषधं झाली. फिजिओथेरपिस्टने सांगितल्याप्रमाणे तिने त्यांना आडवं केलं, उशी घातली, आणि स्वतः त्यांच्या उशाशी, त्यांना दिसणार नाही अशी बसली. बाबांचे डोळे उघडे होते. ते समोरच्या कोपऱ्यात, जिथे काही नव्हतं तिथे, रेघ शोधत असल्यासारखे डावीकडून उजवीकडे आणि परत फिरत होते. छापखान्यात ते प्रूफ वाचत तसे. तिने विचारलं, ठीक वाटतंय का. "बघतो," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, तुझ्या आईने पडदा मागे बांधला असता. ती उठून पडदा बांधून आली. त्यांच्या छातीवरची चादर वर-खाली होत होती, कधी सावकाश, कधी भरभर, आणि ती तिच्यावर नजर ठेवून होती, दूध उतू जाईल म्हणून उभं राहावं तशी. छत खाली येतंय का, आणि दादाने शोधलेल्या खोलीत जायचंय का, हे दोन प्रश्न मघापासून तिच्यापाशी होते आणि दोन्ही विचारण्यासारखे नव्हते. आणि आई असती तर तिने काय केलं असतं, याचं उत्तर येत नव्हतं. म्हणजे येत होतं. आईने दादाला सांगितलं असतं, की मलाच त्यांना पाठवायचं नाही, आणि सगळं आपल्या अंगावर घेऊन ती घोरायला लागली असती.

साडेपाचला बाबांनी डोळे मिटले. झोप लागली की नुसते मिटले, ते सांगता येत नव्हतं. उन्हाची तिरीप पडद्याच्या पट्ट्यांवरून वर सरकली आणि गोल केलेल्या कोपऱ्यावर आली, आणि खरोखरच भिंत कुठे संपली ते दिसेना.

सहाला दहा मिनिटं कमी असताना फोन वाजला. दादाचा. ती उठायच्या आत बाबांनी, डोळे न उघडता, हात किंचित वर केला.

"खाली कागद ओला झालाय का," ते म्हणाले, "ते कुणीतरी बघून यायला हवं."

छत अंगावर आलं की ते हेच म्हणत; आता थट्टा होती की खरंच, ते ओळखायला ती वाकून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तोंडाचा कोपरा हलला की नाही, ते तिरिपीमुळे नीट दिसलं नाही. हात तसाच वर होता, पंजा उघडा, छताच्या दिशेने, आणि फोन वाजत होता.